चौथ्या अंकातलं पत्र

पॅरिस, शनिवार, ११ जानेवारी १६८१

माननीय श्री. गॅस्पार व्हेर्दिए, शिरक्याचे व्यापारी, ऑर्लेआँ, यांस,

हे पत्र वाचण्याआधी दार लावून घ्या. नटीचं पत्र आहे, आणि तुमच्या भावाच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं म्हणे फार पापभीरू आहेत.

'प्रिय गॅस्पार' असं आधी लिहिलं होतं. खोडलं. दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळीत राजपुत्रांची कामं करणारा एक गॅस्पार होता, त्याला मी अरेतुरे करायचे. तो तापाने मरायला टेकला. इतका सुरेख टेकला की आम्ही सुतकाचे कपडे पेटीतून काढून वाऱ्यावर टाकले. पाद्री आले. 'यापुढे रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही' या कागदावर त्याने सही केली. न करून सांगतो कोणाला? ती सही केल्याशिवाय नटाला शेवटची प्रार्थना मिळत नाही आणि चर्चच्या आवारातली मातीही मिळत नाही. सही झाली, आणि आठव्या दिवशी तो उठून बसला आणि उकडलेलं अंडं मागितलं. मरणाची एवढी तयारी करून ऐन वेळी माघार घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. देवाला दिलेला शब्द तेवढा परत घेता आला नाही. म्हणून आज तुम्ही आंबट शिरक्याची पिंपं मोजता आणि आम्ही राजपुत्राच्या कामाला एक तोतरा आणून ठेवला आहे.

मी बरी आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. अजून राण्यांच्या डाव्या हाताला उभी राहून 'हाय, राणीसाहेब!' म्हणते. वीस वर्षं झाली. नाटकातल्या सखीला म्हातारपण येत नाही, कारण तिच्याकडे कोणी बघतच नाही.

कामाचं लिहिते. सिदोनी आजारी आहे. परवा गुरुवारी 'थेओनिस'चा विसावा प्रयोग होता. चौथ्या अंकात राणीला राजपुत्राचं नकाराचं पत्र येतं आणि पाचव्यात तिला वेड लागतं आणि ती विष घेते, एवढंच नाटक. पण गुरुवारी वेडाचा प्रवेश असा झाला, की मंचावरच्या बाकांवर बसून अक्रोड-बदाम खाणारे आपले उमराव चक्क चावायचे थांबले. मंडळीचे चालक बोकाज आत नाचत होते. प्रयोग संपला. सिदोनी संपेना. तिला गाडीत घालून घरी आणलं, तर तिने गाडीवानाला 'सारथी' म्हणून हाक मारली. तेव्हापासून ती राणीच आहे. वृत्तात बोलते. अंगात ताप आहे. पाणी पिते तेही 'विषाचा पेला' म्हणून.

तुमचं पत्र तिला मिळालं, हे तुम्हाला कळवायला हवं. सात वर्षं तिने तुमच्यावर जीव टाकला, दोन वर्षं दर महिन्याला ऑर्लेआँला पत्र लिहिलं, आणि तुम्ही एकदाच उत्तर दिलंत. ते मिळालं.

वैद्य रक्त काढतो आणि मान हलवतो. गॅस्पार, तू ये. ती दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही.

बार्ब

&nbsp;

पॅरिस, गुरुवार, १६ जानेवारी

माननीय व्हेर्दिए,

तुमचं उत्तर काल मिळालं. दीड पान आहे, आणि त्यात 'परंतु' सहा वेळा आला आहे. तुम्हाला वाईट वाटतं, परंतु. तुम्ही आला असतात, परंतु. नोटरीच्या विधवेशी तुमचं लग्न ठरलं आहे, आणि नटीच्या बिछान्यापाशी तुम्ही गेल्याचं तिच्या कानावर गेलं तर मोडेल. अभिनंदन. बाई शहाणी असणार, मोडायची तयारी आधीपासून ठेवून आहे.

तुमच्या भावाचं कोणी गिऱ्हाईक त्या गुरुवारी प्रेक्षकांत होतं, आणि सिदोनीने मंचावर 'काहीतरी खरंखुरं पत्र' वाचलं असं त्याने तुम्हाला सांगितलं. हे काय प्रकरण, असं विचारता.

चूक झाली. दुसरं काय? तुमचं पत्र थिएटरवर आलं तेव्हा सिदोनी तालमीत होती, म्हणून दारवानाने माझ्या हाती दिलं. मी फोडलं. राण्यांची पत्रं आधी वाचायची सवय आहे मला. 'मी तुझ्यावर कधी प्रेम केलं नाही. मंचावर जे होतं ते मंचाचं होतं. आता लिहू नकोस.' हे वाचून तिला कुठल्या तोंडाने देणार? आज देऊ, उद्या देऊ करत चोळीत ठेवलं. चौथ्या अंकात राणीला द्यायचा कोरा कागदही चोळीतच असतो. गडबडीत एकाऐवजी दुसरा गेला. एवढीच गोष्ट.

तिने ते उघडलं. तिचे डोळे तुमचं अक्षर वाचत होते आणि तोंड नाटकातल्या सोळा ओळी म्हणत होतं. एकही अक्षर चुकली नाही. बाकावरचा एक तरुण उमराव तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "अरे, हा तर लिहिलेला कागद आहे!" शेजारचा म्हणाला, "बोकाज आता खर्च करायला लागला." असे आपले रसिक.

आता खरं काम. सोमवारी फादर ओनोरे येऊन गेले. तोच कागद, तुमच्या वेळचा. ते चांगले गृहस्थ आहेत, दोन मजले चढून धापा टाकत आले. बिछान्याशी बसले आणि म्हणाले, "बाई, आपलं नाव?"

"थेओनिस. सायप्रसची राणी."

"बाप्तिस्म्याचं नाव विचारतोय."

मी मध्ये पडले. "फादर, तिला ताप आहे."

"दिसतंय मला. पण शुद्धीवर नसलेल्या माणसाची सही चालत नाही, आणि सही नसलेल्या नटीसाठी मी येऊ शकत नाही. नियम मी केलेले नाहीत, बार्बबाई."

सिदोनीने मोठ्या डौलात हात पुढे केला. "आणा तो तहनामा." टाक घेतला आणि झोकात सही ठोकली. फादरनी शाईवर फुंकर घातली, कागद उजेडात धरला, घडी केली.

"थेओनिस नावाची कोणी माझ्या पॅरिशमध्ये राहत नाही," म्हणाले, आणि जिना उतरले.

तुम्हाला ठाऊक आहे सही न करता गेलेल्यांना कुठे टाकतात. नदीच्या वळणावर, जिथे खरूज झालेले घोडे पुरतात. आपल्या जुन्या विदूषकाला तिथे टाकलं, तेव्हा चुना टाकणाऱ्याने आम्हाला विचारलं होतं, "हा पण घोड्यांबरोबरच ना?" सिदोनी अशी जाऊ नये, एवढंच मला हवं आहे. बाकी मला तुमच्याकडून काही नको.

वैद्य म्हणतो, दोन आठवडे काढले तर खूप. तुम्ही समोर आलात तर ती भानावर येईल असं मला वाटतं. वाटतं म्हटलं, खात्री नाही. विधवेला सांगा, शिरक्याच्या कामासाठी पॅरिसला जातो. शिरका पॅरिसमध्येही लागतो. इथे माणसं मुळात आंबटच आहेत, तरी लागतो.

बार्ब

&nbsp;

पॅरिस, सोमवार, २० जानेवारी

गॅस्पार,

तुझ्या पत्रात या वेळी एकच ओळ आहे. 'नवा कागद तुझ्या बोटांना कळला कसा नाही?'

हा प्रश्न नटच विचारू शकतो. शिरका अजून पुरता भिनलेला दिसत नाही. बरोबर आहे तुझं. नाटकातला तो कागद एकोणीस प्रयोग हाताळून जुन्या फडक्यासारखा मऊ झालेला. टपालाने आलेलं पत्र कडक असतं, घडीला करकरतं. आंधळ्यालाही फरक कळेल, आणि माझी बोटं वीस वर्षं तेच काम करताहेत. मी तुला खोटं लिहिलं.

मग खरं ऐक. तुझं पत्रही मऊ झालं होतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी आलं आणि नऊ दिवस माझ्याकडे होतं. किती वेळा उघडलं ते मोजलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत, गल्लीच्या तोंडाशी, एकदा तर दोन प्रवेशांच्या मध्ये. सिदोनीला जपायला ठेवलं होतं, हेही खोटं. तिला उद्देशून लिहिलेल्या तीन वाक्यांकडे मी पहिल्या दिवसानंतर पाहिलंसुद्धा नाही. खाली उजव्या कोपऱ्यात, टाकातली शाई संपत आली असताना, तू खरडलं आहेस: 'बार्ब अजून जिना उतरताना स्वतःशी भांडते का?'

तुझ्या लक्षातही नसेल. जागा उरली म्हणून लिहिलं असशील. पण वीस वर्षांत कोणी माझ्याबद्दल काही पाहिल्याचा तो एकच पुरावा होता, आणि तो दुसरीच्या पत्रात होता. मी शेहेचाळीस वर्षांची आहे. वरचा एक दात गेला आहे. तुझ्या राजपुत्राच्या पायघोळ झग्याची शिवण मी बारा वर्षं उसवली की घालत होते, आणि तुला वाटायचं की कपडेपट सांभाळणारी म्हातारी घालते. आता हसून घे. मी थांबते.

हसलास? आता पुढचं. हे मी फादर ओनोरेंनाही सांगितलेलं नाही.

विंगेतून निघाले तेव्हा मला माहीत नव्हतं, हे देवाशप्पथ खरं. बाकांच्या मधल्या वाटेने राणीपर्यंत पाच पावलं आहेत. तिसऱ्या पावलाला अंगठ्याला मेणाचा खडा लागला. तुझ्या मोहरेचं मेण. कोऱ्या कागदाला मोहर नसते, नुसता लाल रंग असतो. मला कळलं. दोन पावलं बाकी होती. मी ठेचकाळल्याचं सोंग करू शकले असते, कागद खाली टाकू शकले असते, उमराव हसले असते आणि विषय संपला असता. मी दोन्ही पावलं टाकली. 'घ्या, राणीसाहेब, आणि धीर धरा' ही माझी अर्धी ओळ म्हटली आणि पत्र तिच्या हातात दिलं.

का, ते मला विचारू नकोस. त्या दोन पावलांत मनात काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं की मला ते पत्र तिच्याकडे बघवत नव्हतं आणि माझ्याकडेही ठेववत नव्हतं.

ती आता चार दिवस सूपही घेत नाही. घरमालकीण रोज दारात उभी राहून म्हणते, "ही इथे गेली तर माझी खोली कोण भाड्याने घेणार हो?" मी तिला म्हटलं, "तुमची जीभ ऐकूनही लोक घेतात, मेलेल्या माणसाला कोण भितं?" पण तिचं चुकतंय असं नाही. सही न केलेल्या नटीचं घर लोक टाळतात.

तू आलास तर ती सही करेल. नाही आलास तर घोडे. मी हात जोडून लिहिते आहे. मंचावर मी हे हजारदा केलं आहे, त्यामुळे त्याची किंमत राहिलेली नाही, पण या वेळी बघायला कोणी नाही.

बार्ब

&nbsp;

पॅरिस, शुक्रवार, २४ जानेवारी

गॅस्पार,

'मंगळवारी येतो.' दोन शब्द. तू लिहिलेलं सगळ्यांत चांगलं पत्र.

मागच्या जिन्याने ये, पुढे घरमालकीण असते. दहाच्या सुमाराला ये, तेव्हा सिदोनीचा ताप थोडा उतरलेला असतो. तुझ्या सवयी मला माहीत आहेत: रिकामी जागा दिसली की तू भाषण सुरू करतोस. म्हणून बोलायचं ते मीच लिहून देते. आत जा, टोपी काढ, 'सिदोनी, मी आलो' एवढंच म्हण, आणि गप्प राहा. तिची क्षमा मागू नकोस. 'विसरून जा' तर अजिबात म्हणू नकोस. देवाचं नाव काढू नकोस, त्यासाठी फादर आहेत. ती राणीसारखी बोलली तर राजपुत्र होऊ नकोस. तू शिरकेवाला म्हणून उभा राहा. तसाच वास येऊ दे.

तिचं वजन आता एवढंच उरलंय की उशी बदलायला मी एकटी पुरते. बघून दचकू नकोस. दचकलास तर दिसू देऊ नकोस.

मी दाराबाहेर असेन. माझ्याशी बोलायची गरज नाही.

बार्ब

&nbsp;

पॅरिस, शनिवार, १ फेब्रुवारी

गॅस्पार,

मी तुला तीन शब्द दिले होते. तू पाव तास बोललास. 'आपल्या कोवळ्या वयातली ती मृगजळं' हे तर मी दाराबाहेरून ऐकलं आणि कपाळ भिंतीला टेकवलं. क्षमा मागितलीस, विसरायला सांगितलंस, देवाचं नाव चार वेळा घेतलंस. तिने उशीला टेकून सगळं ऐकलं आणि थेओनिसच्या दोन ओळी म्हटल्या, भिक्षा घालावी तशा. तू रडलास. खरं रडलास, नाक लाल झालं होतं; मंचावर तुझं नाक कधी लाल व्हायचं नाही. मग जिन्यात मला म्हणालास, "ती मला ओळखतसुद्धा नाही, बार्ब," आणि गेलास.

ओळखत होती. तू उतरल्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी आत गेले. ती म्हणाली, "गेला?"

"कोण, राणीसाहेब?"

"राणीसाहेब कसली बोडक्याची! गॅस्पार गेला का?"

एकोणीस दिवसांत पहिल्यांदा तिचा स्वतःचा आवाज ऐकला, तिच्या गावचा, ल मान्सच्या बाजाराचा, जो बोकाजने सात वर्षं घासून घासून घालवला होता.

"गेला."

"पोट सुटलंय त्याचं."

"सुटलंय."

"आणि बोलतो किती! आधीही एवढं बोलायचा का गं?"

"आधी कोणीतरी चांगलं लिहून दिलेलं असायचं."

ती हसली. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली. पाठीचा प्रत्येक मणका हाताला लागत होता. खोकला थांबल्यावर म्हणाली, "पत्र तू दिलंस."

"हो."

"चुकून?"

"तिसऱ्या पावलापर्यंत चुकून."

"मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "तुझं पाऊल थबकलं. सात वर्षांत तुझं पाऊल कधी थबकलं नव्हतं. म्हटलं, काहीतरी आहे."

"मग हात कशाला पुढे केलास, बये?"

"राणीला पत्र आणलं की राणी हात पुढे करते. तू शिकवलंस." मग म्हणाली, "ते खाली कोपऱ्यात लिहिलेलंही मी वाचलं. वरचं वाचून काही झालं नाही गं. ते मला आधीच ठाऊक होतं. कोपऱ्यातलं वाचलं आणि पायाखालची फळी सरकली. सात वर्षांत त्याने मला असं काही विचारलं नाही. मी जिना कशी उतरते ते त्याला सांगता येणार नाही."

मला त्या क्षणी तुझा जीव घ्यावासा वाटला, आणि तुझा त्यात काडीचा दोष नव्हता.

ते वेड होतं की सोंग, असं तू मनात विचारशील. मी एकोणीस दिवस तिच्या उशाशी होते आणि मला सांगता येत नाही. मला वाटतं ती त्या नाटकात राहायला गेली होती, कारण तिथे तिला पुढे काय बोलायचं ते माहीत होतं. तुला बघून तिला परत यावंसं वाटलं. प्रेमामुळे असं समजू नकोस. तुझी ती टोपी, ते पोट, ते भाषण. एवढ्यासाठी कोण राणी होऊन मरेल?

"फादरला बोलाव," ती म्हणाली. "शुद्धीवर आहे तोवर."

ते धापा टाकत आले. कागद वाचून दाखवला. 'ज्या निंद्य व्यवसायात मी आयुष्य घालवलं त्याचा मी त्याग करते.' तिने विचारलं, "निंद्य म्हणायलाच हवं का?"

"छापील आहे, बाई."

"बरं. सोडलं."

"मनापासून?"

"फादर, मला दोन्ही पायांवर उभं राहता येत नाही. याहून मनापासून काय सोडणार?"

सही केली. सिदोनी लॉर्जे, वेडीवाकडी, लहान मुलीसारखी. त्यांनी शाईवर फुंकर घातली आणि या वेळी मान डोलावली. ती म्हणाली, "आता मी कोण, फादर?"

"देवाचं लेकरू."

"काम काय करतं ते?"

फादर ओनोरेंनी मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी उघडली. त्यांनी तिच्या कपाळाला तेल लावलं. चांगला माणूस आहे.

गुरुवारी सकाळी दहाला गेली. माझा हात धरून वगैरे नाही. मी खिडकीपाशी दूध तापवत होते. मागे वळले तर गेलेली होती.

काल सकाळी पुरलं. आवारात, भिंतीच्या आत, नीट मातीत, घंटा वाजवून. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, तुझ्यामुळे मिळालं, आणि त्याचे आभार मानायला मी बांधील आहे. मानले.

नंतर नोंदवहीत सही करायला मला आत बोलावलं. फादरनी लिहिलं होतं: 'सिदोनी, वय एकोणतीस, ल मान्स इथले पिंपं बनवणारे कै. लॉर्जे यांची अविवाहित कन्या.' पुढे पूर्णविराम.

मी विचारलं, "आणि ती काय करत होती ते?"

"तिने ते सोडलं, बार्बबाई. तुमच्या समोर."

"मंगळवारी सोडलं. त्याआधी सात वर्षं—"

"जे सोडलं ते लिहीत नाहीत." आणि मायेने म्हणाले, "त्यासाठीच तर सोडायचं असतं."

मी सही केली. बाहेर आले तेव्हा मंडळी फाटकाशी उभी होती, थंडीत पाय आपटत. बोकाज म्हणाले, "बार्ब, दोन वाजता प्रयोग आहे. रुआँची नवी मुलगी राणीचं करतेय, तिला सांभाळ."

केला प्रयोग. मुलगी वाईट नाही, हात जरा जास्त हलवते. बाकांवर तेच उमराव होते. पहिल्या अंकात एकाने मोठ्याने विचारलं, "अरे, ती वेडी कुठाय?" आणि त्याच्या मित्राने सांगितलं, "बदलली." पाचव्या अंकात राणी विष घ्यायला आत जाते. आपल्याकडे मंचावर मरण दाखवत नाहीत. लोकांना ते असभ्य वाटतं. मग सखी बाहेर येते आणि राजाला ते कसं झालं ते सांगते. बेचाळीस ओळी. पेला, दासींचा आक्रोश, घरंगळणारा मुकुट. मंडळीतलं माझं सगळ्यांत मोठं काम तेवढंच.

मी बाहेर आले. राजाचं काम बोकाज करतात, ते समोर उभे होते. मी हात कपाळाशी नेला. पहिली ओळ जिभेवर होती. आणि मी म्हणाले,

"सिदोनी लॉर्जे काल सकाळी दहा वाजता वारली. सात वर्षं ती इथे, या फळ्यांवर, राण्यांची कामं करत होती. नटी होती. आज तिला पुरलं तेव्हा हे कोणी लिहून घेतलं नाही, म्हणून इथे सांगते."

एवढंच. वृत्त नाही, काही नाही. माझा आवाज बारीक आहे, मागपर्यंत गेला की नाही कोण जाणे. बाकावरचा तो 'वेडी कुठाय' म्हणणारा पुढे वाकला आणि बोकाजना विचारलं, "हे नाटकात आहे?"

बोकाजना तू ओळखतोस. तीस वर्षांत लेखी ओळीबाहेर त्यांनी मंचावर श्वाससुद्धा घेतलेला नाही. मला वाटलं, आता माझं इथलं आयुष्य संपलं. ते त्या उमरावाकडे वळले.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "हे खरं आहे."

आणि त्यांनी मुकुट काढून हातात धरला. पुढचं नाटक झालं नाही.

बार्ब तेसिए,
नटी